लोआरकाठी सायकल: प्रवाहाच्या उलट, वाऱ्याच्या सोबत

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही दोघं पुण्याचे, नियमित बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल मोहिमा) करणारे, दोनशे-तीनशे किलोमीटर अंगवळणी पडलेले. सप्टेंबरात फ्रान्समध्ये दोन आठवडे मिळतायत. लोआर नदीकाठचे शातो (म्हणजे गढ्या आणि महाल), बर्गंडी प्रदेश, कानाल द्यु मिदी आणि शेवटी मों व्हांतूचा घाट, हे सगळं रोज १२० किलोमीटरच्या हिशेबात बसवायचंय. मार्ग कसा आखावा, सायकली न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात, २५ मिलिमीटरचे टायर चालतील का आणि वहिनी शाकाहारी आहेत तर खेड्यापाड्यांत जेवणाचं काय, हे तुम्ही विचारलंय.

मी तूर शहराजवळ राहते. सायकलवरून या भागात येणाऱ्यांचे मार्ग आखून देणं आणि त्यातल्या काहींबरोबर स्वतः जाणं हे माझं काम आहे. त्या अनुभवावर सांगते, की रोज १२० किलोमीटर तुम्हाला नक्की जमतील. अडचण पायांची नाही, घड्याळाची आहे. सामान लादलेल्या सायकलवर ताशी वीसचा वेग धरला तरी १२० किलोमीटरला निव्वळ पायडल मारण्याचे सहा तास होतात, थांबे धरून साडेसात. इकडचे शातो साधारण सकाळी नऊच्या सुमारास उघडतात आणि सहाच्या आसपास बंद होतात. शांबोरसारखी वास्तू नीट बघायची तर अडीच तास लागतात. खेड्यातल्या खानावळीत दुपारचं जेवण बारा ते दोन एवढ्याच वेळात मिळतं. दोन वाजून गेले की स्वयंपाकघर बंद, मग थेट संध्याकाळी सात. ही तिन्ही वेळापत्रकं एकमेकांवर ठेवून बघा. रोज १२० किलोमीटर चालवणाऱ्याला इतिहास दिसतो तो फाटकाबाहेरून.

म्हणून मी रोजचे ६० ते ७० किलोमीटर धरते. सकाळी तीस-पस्तीस, मग एक वास्तू, जेवण, दुपारी पुन्हा तीस. मधूनच एखादा ९० किलोमीटरचा दिवस ठेवते, कारण तुमच्यासारख्यांना पाय मोकळे करायला तो लागतोच.

दुसरी गोष्ट, यादीतली दोन नावं या खेपेला वगळा. मों व्हांतू १९१० मीटरच्या आसपास उंच आहे, बेद्वाँ गावातून चढायचं तर २१ किलोमीटरचा सलग चढ. तो फार सुंदर आहे, पण प्रोव्हान्समध्ये आहे. लोआरहून तिथे जाण्यायेण्यात दोन दिवस आगगाडीत जातील, आणि त्या घाटासाठी हलकी, बिनसामानाची सायकल हवी. कानाल द्यु मिदीचा इतिहास थक्क करणारा आहे. पिएर-पॉल रिके या माणसाने १६६६ ते १६८१ या काळात तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या तो सरोवरापर्यंत २४० किलोमीटरचा कालवा खोदवला. पण तुलूझपासून सुरुवातीचे पन्नासएक किलोमीटर सोडले तर काठाची वाट बऱ्याच ठिकाणी झाडांच्या मुळांनी उचललेली आणि मातीची आहे. २५ मिलिमीटरच्या टायरवर ती शिक्षा होईल. जाड टायरची सायकल घेऊन कधीतरी फक्त त्याच्यासाठी या.

उरले लोआर आणि बर्गंडी. हे दोन वेगवेगळे प्रवास नाहीत, एकाच रेषेवर आहेत. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोव्हेलो ६ हा मार्ग लोआरच्या काठाने वर येतो, नेव्हेरनंतर कालव्यांच्या काठाने पूर्वेला वळतो आणि बर्गंडीतल्या शालोंला पोचतो. मधे आगगाडी लागत नाही. तुमच्या दोन आठवड्यांत बसणारा आणि रस्त्यावरच्या सायकलला मानवणारा मार्ग मला हाच दिसतो.

आता दिशा. बहुतेक माहितीपुस्तकं वरून खाली, म्हणजे नेव्हेर किंवा ऑर्लेआंहून समुद्राकडे जायला सांगतात, कारण नदी तिकडे वाहते. पण चारशे किलोमीटरमध्ये नदीचा उतार इतका थोडा आहे की सायकलवर तो जाणवत नाही. जाणवतो तो वारा. आणि इथे वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. उघड्या बांधावर तोंडावर वारा घेऊन साठ किलोमीटर काढणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून मी माणसांना आंझेहून निघून पूर्वेकडे, प्रवाहाच्या उलट जायला सांगते.

लोआरच्या नावाड्यांनीही शतकानुशतकं हेच केलं. नदी उथळ, वाळूच्या पट्ट्यांनी भरलेली, म्हणून बोटी सपाट तळाच्या. खाली येताना प्रवाहावर सोडून द्यायच्या आणि वर जाताना मोठं चौकोनी शीड उभारून पश्चिमेच्या वाऱ्यावर चढायचं. आगगाडी येईपर्यंत या खोऱ्यातला मीठ, दारू, दगड, धान्य असा सगळा व्यापार असाच चालला. मात्र वाऱ्याची खात्री कोणी देत नाही. पूर्वेकडचा कोरडा वारा आठवडाभर टिकलेला मी पाहिलाय. तसा अंदाज निघण्याआधी दिसला तर उलट दिशेने जायची तयारी ठेवा. त्यासाठी पहिल्या दोन-तीन रात्रींखेरीज बाकीची आरक्षणं रद्द करता येतील अशीच करा.

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून तेझेव्हेने, म्हणजे अतिवेगवान आगगाडीने, आंझे दीड तासावर आहे. तिथला किल्ला पहिल्याच दिवशी बघा, कारण पुढचं सगळं समजायला तो लागतो. आपण मराठी माणसं किल्ला म्हटलं की डोंगर, तटबंदी, बुरूज अशी अपेक्षा घेऊन येतो आणि शांबोर पाहून गोंधळतो, कारण तो सपाट जंगलातला राजवाडा आहे. आंझेचा किल्ला मात्र खरा किल्ला आहे. तेराव्या शतकातले १७ गोल बुरूज, काळ्या पाटीच्या दगडात पांढऱ्या दगडाचे पट्टे. आत चौदाव्या शतकातला, प्रलयाची कथा सांगणारा भव्य विणलेला पट आहे, त्याची आज शंभर मीटर लांबी शिल्लक आहे. इथून निघून पूर्वेकडे जाताना गढीचा महाल कसा होत गेला ते क्रमाने दिसतं. इंग्लंडबरोबरचं शंभर वर्षांचं युद्ध १४५३ मध्ये संपलं. त्यानंतर भिंतींना खिडक्या फुटल्या, खंदकांची तळी झाली, बुरूज शोभेचे उरले.

आंझे ते सोम्यूर पासष्ट-सत्तर किलोमीटर. दक्षिण काठाने जा. वाटेत क्युनो गावातलं रोमानेस्क (जाड भिंती, गोल कमानींच्या जुन्या शैलीतलं) चर्च आहे, तिथे वीस मिनिटं थांबून खांबांची शीर्षं बघा. उत्तर काठाने डी ९५२ हा रस्ता जातो (डी म्हणजे जिल्हा रस्ता). नकाशावर तो नदीला चिकटून दिसतो, मोह होतो, पण त्यावर मोटारी वेगाने धावतात. सायकल घेऊन त्यावर जाऊ नका. दक्षिणेचा डी ७५१ काही टप्प्यांत बरा, काही टप्प्यांत गजबजलेला, म्हणून पाट्या लावलेला सायकलचा खुणांचा मार्ग जिथे त्याला सोडून आत वळतो तिथे तुम्हीही वळा.

सोम्यूरनंतरचे तीस-चाळीस किलोमीटर मला सगळ्या फ्रान्समध्ये सर्वात जवळचे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या चुनखडीचा कडा. या दगडाला त्यूफो म्हणतात. तो ताजा असताना इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो, म्हणूनच इकडच्या महालांवर एवढं नाजूक कोरीवकाम आहे. दगड काढून झाल्यावर कड्यात ज्या पोकळ्या उरल्या त्यांत लोक राहायला गेले, कुणी दारूचे बुधले ठेवले, कुणी अळंबी पिकवली. त्युर्कां गावात तर गल्लीच्या गल्ली कड्याच्या पोटात आहे. शांबोरच्या भिंतीत दिसणारा दगड अशाच खाणींतून निघून बोटीने गेला, आणि तुम्ही त्याच दिशेने चाललेले असता.

सोम्यूरपासून पंधराएक किलोमीटरवर फोंतव्रोचा मठ. इथे घाई करू नका. ११०१ मध्ये स्थापन झालेल्या या मठात साधू आणि साध्वी दोघंही होते आणि सगळ्यांवर अधिकार चालायचा तो मठाधिपती बाईचा. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, त्याची राणी एलेनोर आणि मुलगा सिंहहृदयी रिचर्ड यांच्या रंगवलेल्या दगडी मूर्ती चर्चच्या मधोमध झोपलेल्या आहेत. एलेनोरच्या हातात उघडं पुस्तक आहे. नेपोलियनने या मठाचा तुरुंग केला आणि १९६३ पर्यंत तो तुरुंग म्हणून चालला. पुढे उतार उतरून कांद-सां-मार्तां. इथे व्हिएन्न नदी लोआरला मिळते. तूरचा बिशप संत मार्तां ३९७ साली इथेच वारला. चर्चच्या मागून एक छोटा खडा चढ आहे, वरून संगम दिसतो. सायकल खाली लावून चालत जा.

मग शिनों. १४२९ च्या सुरुवातीला जोन ऑफ आर्क इथल्या गडावर फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सला भेटली. पुढे तूरला तिचं चिलखत घडवलं गेलं, ब्लुआला फौज जमली आणि ८ मे १४२९ रोजी ऑर्लेआंला पडलेला इंग्रजांचा वेढा उठला. तुम्ही पूर्वेकडे जात असलात तर शिनों, तूर, ब्लुआ, ऑर्लेआं ही गावं तुम्हाला तिच्याच क्रमाने लागतात. शाळेत शिकलेली ती गोष्ट इथे अंतरांसकट समजते.

शिनोंहून उसे, आझे-ल-रिदो, विलाँद्री करत तूर. हे तिन्ही शातो एका दिवशी आतून बघू नका. आझेचा महाल आंद्र नदीतल्या बेटावर आहे, तो आतून बघा. विलाँद्रीत इमारत सोडा, बाग बघा, विशेषतः भाज्यांची बाग. उसे रस्त्यावरून बघितला तरी चालेल. तूर ते अँब्वाज पंचवीस-तीस किलोमीटर. अँब्वाजला क्लो ल्युसे हे घर आहे. लिओनार्दो दा विंची आयुष्याची शेवटची तीन वर्षं तिथे राहिला आणि २ मे १५१९ ला वारला. अँब्वाजहून दक्षिणेला जंगल ओलांडून पंधरा किलोमीटरच्या आत शनोन्सो. मार्गावर नाही, तरी चुकवू नका. शेर नदीवर पुलासारखा उभा असलेला हा महाल बांधणं, वाढवणं आणि टिकवणं हे पिढ्यान्पिढ्या बायकांनी केलं. बांधकामावर देखरेख कातरीन ब्रिसोने हिची, पूल दियान द प्वातिए हिचा, त्यावरचं दालन कातरीन द मेदिची हिचं. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी ही जर्मनव्याप्त आणि मुक्त फ्रान्समधली सीमारेषा होती. महालाचं पुढचं दार व्याप्त बाजूला आणि दालनाचं पलीकडचं दार मुक्त बाजूला, त्यामुळे कितीतरी माणसं या दालनातून निसटली. दार उघडायच्या वेळी हजर राहा. दहा वाजल्यानंतर बसगाड्या येतात आणि मग त्या दालनातून चालणंही कठीण होतं.

ब्लुआहून शांबोर सोळा-अठरा किलोमीटर. राजा पहिल्या फ्रान्स्वाने १५१९ मध्ये काम सुरू केलं. मधोमध दुहेरी वेटोळ्याचा जिना आहे. एक जण चढत असतो, दुसरा उतरत असतो, दोघं एकमेकांना खिडक्यांतून बघतात पण भेटत नाहीत. १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर लूव्ह्र संग्रहालयातली चित्रं पॅरिसबाहेर हलवली तेव्हा मोनालिसाही आधी इथेच आणली होती. भोवतीच्या जंगलाला ३२ किलोमीटरची भिंत आहे आणि आत सायकलच्या उत्तम वाटा आहेत. तुम्ही सप्टेंबरच्या उत्तरार्धात आलात तर सांबरांच्या जातभाईंचा, लाल हरणांचा माजाचा काळ असतो. संध्याकाळी नर ओरडतात ते शातोच्या गच्चीपर्यंत ऐकू येतं. म्हणून शांबोरला मुक्काम धरा, बाकीचे दिवसभराचे पाहुणे निघून गेलेले असतात. एक सावधगिरी: याच सुमाराला शिकारीचा हंगाम सुरू होतो. आसपासच्या सोलोन्य भागात रस्त्याकडेला शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर जंगलातल्या पायवाटेवर शिरू नका, डांबरी रस्ता सोडू नका.

ऑर्लेआंनंतर गर्दी एकदम ओसरते. माझ्या मते इथे खरी सायकल सुरू होते, पण पुष्कळ जण इथेच प्रवास संपवतात. झेर्मिन्यी-दे-प्रे हे छोटंसं प्रार्थनागृह नवव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे, सम्राट शार्लमेनच्या काळातलं, आणि त्याच्या छतावर त्याच काळातलं सोनेरी-निळं मोझेइक आहे. तिथून पाच-सहा किलोमीटरवर सां-बनुआ-स्युर-लोआरचा मठ. पुढे जियां, मग ब्रियारचा कालवापूल, १८९६ मध्ये खुला झालेला, ६६२ मीटर लांब. नदीवरून कालवा जातो, कालव्यातून बोट जाते आणि तुम्ही कडेच्या दिव्यांच्या रांगेतून सायकल हातात धरून चालता.

सांसेरचा डोंगर दिसला की तुम्हाला बरं वाटेल. आठवड्यातला पहिला खरा चढ, दीडशे मीटर उंची, द्राक्षमळ्यांतून. शेजारच्या शाविन्योलचं बकरीच्या दुधाचं गोल चीज खाऊन उतरा.

इथून पुढे एक धागा आहे जो उलट दिशेने येणाऱ्याला नीट लागत नाही. ला शारिते-स्युर-लोआरचं चर्च म्हणजे बर्गंडीतल्या क्लूनी मठाच्या 'लेकीं'पैकी, त्याच्या अखत्यारीतल्या मठांपैकी, थोरली. पारे-ल-मोनियालची बाराव्या शतकातली बॅसिलिका ही क्लूनीच्या मोठ्या चर्चची छोटी प्रतिकृती म्हणावी इतकी त्याच्या घडणीची. आणि शेवटी खुद्द क्लूनी. ९१० साली स्थापन झालेल्या या मठाचं तिसरं चर्च १८७ मीटर लांब होतं. रोममधलं सेंट पीटर्स नव्याने उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं चर्च नव्हतं. राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला आणि पुढची पंचवीसएक वर्षं लोकांनी त्याचे दगड काढून नेले. आज दक्षिणेकडच्या आडव्या भागाचा एक तुकडा आणि त्यावरचा मनोरा उभा आहे. आधी थेट क्लूनीला गेलेली माणसं 'इथे काही उरलंच नाही' म्हणून परततात. पारे बघून आलेला माणूस त्या तुकड्याखाली उभा राहतो आणि बाकीचं त्याला डोळ्यांपुढे रचता येतं. पूर्वेकडे जाण्याचं माझं हेही कारण आहे.

सगळं मिळून साधारण साडेसातशे किलोमीटर, म्हणजे सायकलचे अकरा-बारा दिवस. दोन आठवड्यांत ते घट्ट बसतात. म्हणून नेव्हेर ही निर्णयाची जागा ठेवा. वेळेत असाल तर दसीझ, दिग्वाँ, पारे करत कालव्याच्या काठाने जा आणि पारेहून क्लूनीला शारोलेच्या टेकड्यांतून छोट्या डी रस्त्यांनी ओलांडा. पांढऱ्या गाई, कुंपणाच्या झुडपांच्या रांगा, आणि खाली-वर होणारा पंचावन्नएक किलोमीटरचा रस्ता. तुमच्या पायांना हवा तसा दिवस तोच. उशीर झाला असेल किंवा पाऊस लागून राहिला असेल तर नेव्हेरहून दिझोंकडे जाणारी प्रादेशिक आगगाडी पकडा, शान्यी किंवा बोनला उतरा. पारे हुकेल, पण शान्यीहून क्लूनीला जाऊन येता येईल. क्लूनीहून गिव्रीपर्यंतची वाट जुन्या रेल्वेमार्गावर आहे, १९९७ मध्ये खुली झाली, डांबरी, सपाट, वाटेत जुनी स्थानकं. गिव्रीहून शालों जवळच, तिथून दिझोंमार्गे पॅरिस.

आता सायकल. २५ मिलिमीटर नको. खुणांच्या मार्गावर डांबर आणि चोपून बसवलेली बारीक खडी असं मिश्रण आहे. कोरड्यात ती छान चालते, पावसानंतर ब्रेकमध्ये आणि चेनमध्ये भरते. २८ ही किमान, ३२ असेल तर रस्त्याकडे बघायची गरजच नाही. मार्ग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा आहे, त्यामुळे विमानाचा खोका सांभाळणं ही मोठी कटकट होते. एका गावात सायकल घेऊन दुसऱ्या गावात परत देता येईल अशी भाड्याची सोय या खोऱ्यात मिळते. दोन आठवड्यांसाठी मी तीच घेईन, आणि पुण्याहून आपापली सीट आणि पायडल आणीन. सीट बदलली की दहाव्या दिवशी सगळं कळतं. स्वतःच्या सायकली आणायच्याच असतील तर पॅरिसच्या ज्या हॉटेलात शेवटी परतणार तिथेच खोके ठेवता येतात का ते आधी विचारा. प्रादेशिक गाड्यांत सायकल जशीच्या तशी चढवता येते, पण उन्हाळी हंगामात काही गाड्यांना जागेचं आरक्षण लागतं आणि हे नियम प्रांताप्रांतात बदलतात, त्यामुळे ठरलेल्या गाडीचा नियम आदल्या दिवशी बघा. तेझेव्हेत बहुधा चाकं काढून पिशवीत, जास्तीत जास्त १३० बाय ९० सेंटिमीटर.

रस्त्यांबद्दल. वाहतूक उजवीकडून, हे माहीत असतंच. जे माहीत नसतं ते असं की खेड्यातल्या चौकात कुठलीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात आणि उजव्या बोळातून एखादी म्हातारी छोटी गाडी घेऊन न बघता बाहेर येते, तेव्हा चूक तुमची असते. प्रत्येक बोळापाशी ब्रेकवर बोटं ठेवा. मोटारींना गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवून पुढे जायचा नियम आहे आणि बहुतेक जण तो पाळतात. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं आहे, आणि सप्टेंबरात सकाळी नदीवर धुकं असतं. रस्ता निवडताना मी तीन आकडी डी रस्ते शोधते. एक-दोन आकडी शक्यतो टाळते, पण हा ठोकताळा आहे. डी ९५२ ला तीन आकडे असून तो वाईटच.

वहिनींच्या जेवणाचं. शहरांत काही अडचण नाही. खेड्यात ऑम्लेट चालत असेल तर प्रश्न निम्मा सुटला, नाहीतर गरम बकरीच्या चीजचं सॅलड आणि बकव्हीटच्या पिठाची गालेत (पातळ धिरडं) हे दोन आधार. दोन्ही मागताना 'सां लार्दों' म्हणा, कारण डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे न सांगता घातले जातात. अंडंही नको असेल तर गालेतच्या पिठाबद्दलही विचारा. बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. ते चालत नसेल तर निघायच्या आधीच ठरवा, ऐन भुकेच्या वेळी नको. सोम्यूर भागात गुहेतल्या भट्टीत भाजलेले फुए नावाचे फुगलेले छोटे पाव मिळतात, घेवडा आणि लोणी घालून. ते मागताना मांसाचं सारण नको एवढं सांगा. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यातली दुकानं बंद असू शकतात, म्हणून शनिवारी पाव, केळी, चीज भरून घ्या. पाणी संपलं तर दफनभूमी शोधा. जवळजवळ प्रत्येक गावात ती असते आणि फाटकाच्या आत नळ असतो. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, तेवढं बघा. आणि कुठल्याही दुकानात शिरताना आधी 'बोंझूर', मग प्रश्न. हा शब्द वगळलात तर समोरचा माणूस मिटून जातो.

तुम्ही शेवटी पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसचंही विचारलंय. ती १२०० किलोमीटरची, बहुतेकांसाठी ९० तासांची, चार वर्षांतून एकदा होणारी सायकल मोहीम, १८९१ पासूनची परंपरा असलेली. पुढची २०२७ मध्ये आहे आणि पुण्या-मुंबईचे बरेच जण तिच्यासाठी येतात. तिच्यासाठी याल तेव्हा हा प्रवास तिच्या आधी जोडू नका. नंतर जोडा, आठवडाभर विश्रांती घेऊन.

तारखा अजून पक्क्या नसतील तर सप्टेंबरातला तिसरा शनिवार-रविवार मध्ये येईल असं बघा. त्या दोन दिवशी वारसा दिन असतात, एरवी बंद असलेले खाजगी वाडे, चर्चचे मनोरे, नगरभवनं उघडतात. पण त्याच दोन रात्री खोल्या आधी संपतात. म्हणून पहिलं आरक्षण त्या शनिवारचं करा, दुसरं शांबोरचं, आणि सायकल ठेवायला कुलूपबंद जागा हवी असेल तर 'आक्य व्हेलो' (सायकलस्वारांचं स्वागत) ही पाटी असलेलं घर निवडा. ती घरं मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात. व्हिसासाठी जो विमा काढाल त्यात सायकलवरचा अपघात धरलाय का, हे कंपनीकडून लेखी घ्या. तुम्ही आंझेला कोणत्या तारखेला पोचताय ते कळवलंत तर दिवसागणिक मुक्कामांची गावं मी लिहून देईन.